वर्ष कोरं गेलं म्हणतेस?

माई,

मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ४३. घरची केळी आहे, थोडा कापूस. मुलगा पुण्याला शिकतो, मुलगी बारावीला. अडीच वर्षांपूर्वी सासूबाईंना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तेव्हापासून त्यांचं सगळं माझ्याकडे आहे.

अमळनेरला कॉलेजात आम्ही नऊ जणी होतो. अजून मोबाईलवर ग्रुप आहे. दर डिसेंबरात प्रत्येकीने ‘यंदाचं आवडतं’ लिहायचं अशी प्रथाच पडली आहे : एक पुस्तक, एक सिनेमा, एक सिरीज, एक गाणं, एक प्रवास. पुण्या-नाशिकच्या मैत्रिणींच्या याद्या वाचल्या की पोटात खड्डा पडतो. कॉलेजात आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारी मी होते, त्या नव्हत्या. गेल्या वर्षी लाज वाटून मी एका कादंबरीचं नाव टाकलं. वाचली नव्हती. पेपरच्या पुरवणीत परीक्षण आलं होतं, त्यातलीच चार वाक्यं फिरवून लिहिली. सगळ्यांनी अंगठे दिले. नाशिकच्या मैत्रिणीने तर ती मिळवून वाचली आणि फोन केला. शेवटाबद्दल बोलायला लागली. मी म्हटलं, सासूबाई हाक मारताहेत, आणि फोन ठेवला. ज्या बाईला बोलताच येत नाही तिच्या हाकेचं निमित्त केलं. ते अजून टोचतं.

यंदाही याद्या यायला लागल्यात. मी चारदा लिहिलं, चारदा खोडलं. सांगण्यासारखं काही घडलंच नाही. सिनेमा लावला की अर्ध्यातून उठावं लागतं. मुलगी अहिराणी विनोदी व्हिडिओ बघते, ते मी स्वयंपाकघरातून नुसतं ऐकते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गल्लीतल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, तर सासूबाई एकदम त्यांच्याबरोबर म्हणायला लागल्या, शब्दांसकट. आता वेणी घालताना रोज थोडं म्हणतात. बाकी वर्ष कोरं गेलं. ग्रुप सोडू का? की पुन्हा एखादं नाव ठोकून देऊ? सगळे म्हणतात, छोट्या छोट्या गोष्टीत आनंद मान. मानते हो, पण किती मानायचा?

— कोरी वही

*

कोऱ्या वहीस,

तुला ‘तू’च म्हणते. माझी धाकटी बहीणसुद्धा तुझ्याहून वीस वर्षांनी मोठी आहे, तेव्हा रागावू नकोस.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाला अडखळले. ‘बाकी’. दोन वर्षं एक शब्द न बोललेली बाई आखाजीला गायला लागली, हे तू एका ओळीत सांगतेस आणि लगेच पुढे लिहितेस, बाकी वर्ष कोरं गेलं. बाजारातून काय काय आणलं ते सांगताना कोथिंबीर, मिरच्या, सोन्याची पाटली, लसूण असं एका दमात कोणी सांगावं, तसं वाटलं मला. त्या पाटलीकडे येते. आधी कादंबरीचं उरकू.

मी ३१ वर्षं एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल होते. पुस्तक कोणी नेलं, कधी आणलं, हे रजिस्टर सांगतं. वाचलं का, ते रजिस्टर सांगत नाही. तारखेचे शिक्के भरभरून पडलेली पुस्तकं मी पाहिली आहेत ज्यांची मधली पानं कापलेलीसुद्धा नव्हती. जुन्या बांधणीत पानं जोडलेली यायची, ती वाचणाऱ्याने कापायची असत. गावातल्या एका मोठ्या माणसाने एक वैचारिक ग्रंथ तीनदा नेला होता, तिन्ही वेळा भाषणाच्या आदल्या दिवशी. आणि इतरांचं कशाला सांगू? एक जाडजूड, फार नावाजलेली कादंबरी मी जवळजवळ पंधरा वर्षं लोकांच्या हातात ठेवत आले, ‘ही वाचाच’ म्हणून. माझी स्वतःची खूण पान ८० वर होती. अजून तिथेच आहे.

तेव्हा खोट्याचं फार मोठं पातक करू नकोस. पण ते मिटव, कारण ते तुला टोचतंय. नाशिकच्या मैत्रिणीला फोन कर. लेखी नको, लेखी माफी जड होते. फोनवर म्हण, ‘अगं, गेल्या वर्षी मी लोणकढी थाप मारली होती, ती कादंबरी मी वाचलीच नाही. आता तूच सांग, शेवटी काय होतं?’ ती हसेल. मग अर्धा तास बोलत सुटेल, बघ. तिने पुस्तक मिळवलं, वाचलं आणि तुला फोन केला, यावरून मला तिच्याबद्दल एक गोष्ट दिसते जी तुला लाजेपोटी दिसली नाही. तिच्या घरात त्या शेवटाबद्दल बोलायला कोणी नव्हतं. पाच-पाच गोष्टींच्या याद्या करणाऱ्या बायका भरल्या पोटाच्या असतात असं समजू नकोस.

आता पाटली.

तुझ्या सासूबाईंचं उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं, या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीनेच येतात. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूला चालवते आणि बहुतेक माणसांची भाषाही डाव्याच बाजूला असते. तिथे रक्तपुरवठा तुटला की हात, पाय, शब्द एकदमच जाऊ शकतात. शब्द असे जाण्याला वाचाघात म्हणतात. मात्र गाताना, सुरासाठी, मेंदूची उजवी बाजूही बरंच काम करते. म्हणून ‘पाणी’ एवढा शब्द ज्यांना जुळवता येत नाही, अशी काही माणसं लहानपणीचं गाणं शब्दांसकट म्हणून जातात. घरच्यांना तो चमत्कार वाटतो, नाहीतर ‘बोलता येतं पण बोलत नाही, ढोंग करते’ असा संशय तरी येतो. दोन्ही खरं नाही. तुझ्या घरात कोणाच्या मनात ते दुसरं आलं असेल तर हा परिच्छेद त्याला मोठ्याने वाचून दाखव.

याच गोष्टीचा आधार घेऊन १९७० च्या दशकात अमेरिकेत एक उपचारपद्धती तयार झाली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य साध्या दोन सुरांत बांधायचं, रुग्णाच्या डाव्या हाताने हळू ताल धरायचा, आपण म्हणायचं, त्यांनी मागून म्हणायचं आणि हळूहळू सूर कमी करत वाक्य बोलण्याकडे न्यायचं. सगळ्यांना गुण येतो असं नाही आणि बोलणं पूर्वीसारखं होईल अशी आशा मी तुला लावत नाही. पण अडीच वर्षांनी का होईना, एकदा स्पीच थेरपिस्टला दाखवून ये. जाताना सांग की त्या गाणी शब्दांसकट म्हणतात. ही माहिती डॉक्टरांना आपणहून कोणी देत नाही, कारण घरच्यांना ती ‘बाकी’त टाकण्यासारखी वाटते.

आणि ती गाणी लिहून ठेव.

आखाजीच्या, गौराईच्या गाण्यांचं असं आहे की ती एका गावाची दुसऱ्या गावाशी जुळत नाहीत. चाल तीच, पण कडव्यात भावाचं गाव बदलतं, झोक्याचं झाड बदलतं, सासरच्या माणसांना घातलेल्या टोमण्याची धार बदलते. माहेरी आलेल्या पोरी चार दिवस झोक्यावर मन मोकळं करायच्या, त्यात काय काय जोडलं जायचं ते कोण छापणार? तुझ्या सासूबाई म्हणतात ते कडवं कदाचित त्यांच्या माहेरच्या दोन-तीन गल्ल्यांतच म्हटलं जात असेल. त्या गल्ल्यांतल्या किती जणींना ते अजून येतं?

बहिणाबाईंची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते, पण तिचा एक भाग आपण पटकन ओलांडतो. असोद्याला १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात, कामाच्या नादात गाणी रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती ऐकली तशी वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांपुढे गेली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. प्रतिभा त्यांची, त्यात वाद नाही. पण मला नेहमी त्या दोन पोरांचं कौतुक वाटतं. घरात जातं फिरतंय, आई रोजच काहीतरी म्हणते, आणि या दोघांना हे ‘रोजचंच’ कागदावर घ्यावंसं वाटलं. त्यांच्या आधी आणि नंतर खान्देशात किती घरांत किती जाती फिरली असतील!

तू सोपानदेव हो असं म्हणत नाही. वेणी घालतेस तेव्हा मोबाईल शेजारी खिडकीत ठेव आणि आवाज टेप करायचं बटण दाब, एवढंच. सुरुवातीला तारीख बोल. संपलं की त्यांना विचार, हे माहेरचं का सासरचं? मान हलवून सांगतील. एखादा शब्द कळला नाही तर गल्लीतल्या जुन्या बाईला विचारता येईल, पण तो आज टेप झाला तरच. चित्रीकरण मात्र करू नकोस, आणि केलंस तर त्यांना दाखवून, त्यांची मान हलली तरच कोणाला पाठव. उघड्या केसांनी खाटेवर बसलेली आपली छबी आठ अनोळखी बायकांच्या मोबाईलवर जावी असं तुला आवडेल का? मला नाही आवडणार. हल्ली घरातल्या म्हाताऱ्यांचे ‘गोड’ व्हिडिओ कोणीही कुठेही टाकतं, त्याचा मला मनापासून राग येतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न. छोट्या गोष्टीत आनंद मानायचा तो किती? तुझ्या सगळ्या पत्रात मला हा प्रश्न जास्त आवडला. त्यात थोडी चीड आहे.

खान्देशावर काही लिहायचं म्हणजे भरीत आलंच पाहिजे असा एक अलिखित नियम आहे, तर ते इथेच आणते. डिसेंबरात बामणोदची वांगी येतात. शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, मिरची-लसणाबरोबर कुटायची, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. पार्टीला आलेला माणूस हात चाटत म्हणतो, ‘आनंद याच्यात आहे बघा!’ आहेच. पण वांगी सोलताना बोटं कोणाची भाजली आणि पुऱ्या लाटताना पंगतीत कोण नव्हतं, ते बघितलंस का कधी? ‘छोट्या गोष्टीत आनंद मान’ हे वाक्य पुष्कळदा असाच माणूस म्हणतो ज्याला आपल्या आनंदासाठी उठावं लागत नाही. सुनेला समाधानाचे धडे दिले की तिची पाळी कोणी घ्यायची हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून आधी हिशेब कर. आठवड्याचे तास १६८. त्यातले दोन तुझे हवेत. तुझे मिस्टर शेती बघतात, केळीला सुट्टी नसते हे मला ठाऊक आहे. पण रविवारी दुपारी दोन ते चार आईजवळ बसायला मुलाला वेळ नाही असं होत नाही. बसायचं म्हणजे फक्त बसायचं आहे. पाणी द्यायचं, कूस बदलायची, काही लागलं तर करायचं. त्यांना जमणार नाही असं म्हणू नकोस. तुलाही अडीच वर्षांपूर्वी जमत नव्हतं. पहिल्या रविवारी ते तुला चार वेळा हाक मारतील. तू घरात राहूच नकोस म्हणजे झालं.

जा कुठे? वाचनालयात जा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, त्यानुसार गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान मिळतं. तुझ्या गावात नाही तर शेजारच्या गावात ‘ड’ वर्गाचं एखादं असेलच. रविवारी उघडं असतं का आणि किल्ली कोणाकडे असते ते आधी विचारून ठेव. मी याच खात्यातली, मला माहीत आहे. वर्गणी किरकोळ असते. आणि तिथे जाऊन काय वाचायचं हे मी सांगणार नाही. आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारी मुलगी कुठे गेलेली नसते. तिला कपाटापुढे नुसतं उभं कर. पहिल्या महिन्यात दहा पानांपलीकडे लक्ष लागणार नाही, त्याने घाबरू नकोस. लांब आजारपणाच्या घरात कान सतत दुसऱ्या खोलीत असतो, ती सवय सुटायला वेळ लागतो. कथा घे, कविता घे. जाड कादंबरी आत्ताच घेऊ नकोस, नाहीतर तुझीही खूण ८० व्या पानावर राहील.

अर्धवट पाहिलेला सिनेमा मोजायचा की नाही, हेही तुझ्या मनात आहे असं दिसतं. मोजायचा. स्वयंपाकघरातून नुसते ऐकलेले व्हिडिओसुद्धा मोजायचे. आपल्या आयांनी सगळी नाटकं रेडिओवर अशीच ऐकली, एक कान स्टोव्हच्या आवाजाकडे ठेवून. त्यांना विचार, चांगली आठवतील. आणि ते अहिराणी व्हिडिओ लपवण्यासारखे का वाटतात तुला? तुमच्या कॉलेजच्या काळात वर्गात अहिराणी बोललं तर पोरं हसायची. आता शेताच्या बांधावर मोबाईल उभा करून तीच भाषा बोलणाऱ्या पोरांना गावोगाव बघणारे आहेत. सगळेच विनोद चांगले असतात असं नाही, बायकोला बडवण्याचे विनोद तर मला अजिबात सहन होत नाहीत, पण एखादा पोरगा ‘काय चाली ऱ्हायनं?’ असं म्हणतो ना, तर भुसावळच्या फ्लॅटमध्ये बसून मला बांधावरच्या लिंबाची सावली लागते.

तुला माझी यादी सांगते, म्हणजे तुला लिहायला धीर येईल.

यंदा माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, एकामागून एक. ग्रंथपाल बाई आणि वाचायला बंदी. पहिले चार दिवस मी सगळ्यांवर चिडचिड केली. मग रेडिओ लावला. आकाशवाणी जळगाववर शेतकऱ्यांसाठी बोलणं चालू होतं, केळीवरच्या करपा रोगाबद्दल. माझ्याकडे कुंडीतली तुळस सोडली तर शेती नाही. पण बोलणाऱ्या माणसाचा आवाज इतका शांत होता, ‘पानाचा तेवढाच रोगट भाग कापा, बागेत टाकू नका, बाहेर नेऊन नष्ट करा’ असं तो अशा काही मायेने सांगत होता, की मी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला खुर्ची ओढून बसले. आता ओलसर हवेत करपा का पसरतो यावर मी तुझ्या मिस्टरांना भाषण देऊ शकते. यंदाचं माझं सगळ्यात आवडतं तेच. त्याला पुस्तक म्हणू, सिरीज म्हणू का प्रवास, तुमच्या ग्रुपचा कोणता रकाना लावायचा, मला माहीत नाही.

दुसरा सिनेमा. ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’, २०२५ च्या फेब्रुवारीत थिएटरात लागला होता, मी भाचीच्या मुलीबरोबर मोबाईलवर तीन संध्याकाळी तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं, पण आपल्याकडच्या माणसाला ते कधी परकं वाटलं नाही. यंत्रमागांचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख नावाच्या तरुणाने मित्रांना गोळा करून आवडत्या हिंदी सिनेमाची गावठी नक्कल केली होती, त्याची ही खरी गोष्ट. त्या मूळ नकलेत डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. कॅमेऱ्यात काय कमी होतं आणि पैसा किती नव्हता, यावर पुष्कळ लिहून आलं आहे. मला मात्र वाटत राहिलं की सिनेमा आवडला हे सांगायची यापेक्षा चांगली तऱ्हा कोणती? मुंबईचा पडदा त्यांनी आपल्या गल्लीत आणून लावला, आपल्या तोंडची भाषा त्याच्या तोंडी घातली. भाचीची मुलगी म्हणाली, आजी, आपण पण करू. अजून केलेलं नाही. सायकल मात्र तिने पुसून ठेवली आहे.

तिसरं म्हणजे मेहरूणची बोरं, पण ती खाण्यात गेली, त्यांच्याबद्दल जास्त काही बोलता येत नाही.

ग्रुप सोडू नकोस. सोडलास तर ‘काय झालं, बरी आहेस ना’ असे आठ फोन येतील आणि आठ वेळा काहीतरी रचून सांगावं लागेल. तुला ते जमत नाही हे आपण पाहिलंच. पाच रकाने भरायचे असं मात्र कुठे लिहून ठेवलंय? मी तुझ्या जागी असते तर साधारण असं लिहिलं असतं : ‘यंदा पूर्ण पुस्तक एकही झालं नाही. सिनेमे साडेतीन पाहिले, त्यातला एकाचाही शेवट माहीत नाही, कोणाला माहीत असेल तर सांगा. लेकीच्या मोबाईलवरचे अहिराणी व्हिडिओ भाकरी थापता थापता ऐकले, दोनदा हसून भाकरी तुटली. आणि सासूबाई, ज्या बोलत नाहीत, त्या आखाजीपासून गौराईची गाणी म्हणतात. मी ती लिहून घेतेय. तुमच्यापैकी कोणाच्या आईला, आजीला झोक्याची गाणी येत असतील तर मला फोनवर म्हणून दाखवा.’ तुझे शब्द वेगळे असतील, असावेत. पण ती शेवटची मागणी ठेव. नऊ जणी अमळनेरच्या कॉलेजातल्या, म्हणजे निदान चार-पाच जणींची माहेरं तापी, गिरणा, बोरीच्या काठची असणार. त्यांच्या आया अजून असतील. अशा निरोपाला अंगठे कमी येतील कदाचित. फोन येतील.

कोणीच फोन केला नाही तर? नाशिकची करेल. तिला कादंबरीचा शेवट अजून सांगायचाय.

— माई

ता. क. सासूबाईंच्या गाण्यात झोका कोणत्या झाडाला बांधलाय ते ऐकून कळव. आमच्या गल्लीत तो लिंबाला असायचा, मामाच्या गावी चिंचेला, आणि चिंचेच्या झोक्यावर संध्याकाळी बसू द्यायचे नाहीत. का, ते कोणी सांगितलं नाही.